मधुमेह, जीवनसत्त्वें आणि स्मरणशक्ति

घरांतील वडील माणूस विसरूं लागलें, कीं त्या विसराळूपणाचें कारण घरचीं माणसें बहुधा आपसांतच ठरवून टाकतात. एक कारण, 'वय झालें'; आणि त्या माणसाला मधुमेह असला तर दुसरें, 'साखरेचा परिणाम'. हीं दोन्ही कारणें खोटीं आहेत असें नव्हे. वयाबरोबर स्मरण मंद होतें हें खरें, आणि मधुमेह मेंदूलाहि सोडीत नाहीं हेंहि खरें. तथापि या दोन उत्तरांनीं मनाचें समाधान झालें म्हणजे तिसरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो, आणि ज्या कारणावर स्वस्त व खात्रीचा उपाय हाताशीं आहे, नेमकें तेंच कारण दृष्टीआड राहतें. तें कारण म्हणजे 'ब-१२' या जीवनसत्त्वाची शरीरांतील उणीव. मधुमेही माणसाला ही उणीव कां होते, तिचा बुद्धीशीं संबंध काय, आणि घरच्या माणसांनीं या बाबतींत काय करावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें ठेवणें बरें. नाशिकजवळची छावणीची देवळाली पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिच्याशीं नामसाम्य असलेली दुसरी देवळाली राहुरी तालुक्यांत आहे. तिला देवळाली प्रवरा म्हणतात. तिचा जिल्हा अहमदनगर, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें आणि प्रवरेच्या पाटांना भरंवशाचें पाणी मिळूं लागलें. बाजरीच्या शेतांत ऊंस आला, उंसामागोमाग साखर कारखाने आले, गोठ्यांत संकरित गाई आल्या, आणि १९६८ सालीं राहुरीला कृषि विद्यापीठहि स्थापन झालें. ज्या शेतकऱ्याचा आजा पहांटे उठून मोट हांकीत असे, तो आज पंपाची कळ दाबतो आणि शेतावर फटफटीवरून जातो. साखर पिकविणाऱ्या मुलुखांत साखरेचा रोग यावा हा केवळ शब्दांचा योगायोग आहे. कारखान्यामुळें कोणास मधुमेह होत नाहीं. परंतु अंगमेहनत कमी झाली, पोटाचा घेर वाढला, आणि जो रोग एके काळीं शहरांतील गादीवर बसणाऱ्यांचा समजला जाई, तो अशा निमशहरी गांवांतहि घरोघर शिरला, एवढें मात्र खरें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत देशांतील मधुमेही माणसांची संख्या १०.१ कोटि असल्याचा अंदाज दिलेला आहे.

मधुमेहाचा आणि मेंदूचा संबंध काय? मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतें. पण शरीराला लागणाऱ्या एकंदर शक्तीपैकीं सुमारें पांचवा हिस्सा तो एकटाच खर्च करतो. ही शक्ति त्याला रक्तांतील साखरेंतून मिळते आणि ती साखर अत्यंत बारीक अशा रक्तवाहिन्यांतून त्याच्यापर्यंत पोंचते. रक्तांत साखर वर्षानुवर्षें अधिक राहिली, कीं या वाहिन्यांच्या भिंती बिघडतात. डोळ्याच्या पडद्यावर व मूत्रपिंडावर मधुमेहाचा जो परिणाम होतो, त्याच जातीचा परिणाम मेंदूंतहि होतो. उलट औषधाची मात्रा जास्त झाली अगर जेवण चुकलें, तर साखर एकाएकीं उतरते, आणि वृद्ध माणसांत असे प्रसंग वारंवार आले तर त्यांनींहि मेंदूस इजा पोंचते. या सर्वांचा परिणाम म्हणून मधुमेही माणसाला पुढें स्मृतिभ्रंश होण्याचा संभव इतरांच्या मानानें सुमारें दीडपट असल्याचें निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळून आलें आहे. म्हणजे मधुमेही माणसाच्या बुद्धीवर आधींच एक ओझें आहे. त्यावर दुसरें ओझें न कळत चढूं नये, ही काळजी म्हणूनच अधिक घेतली पाहिजे.

हें दुसरें ओझें म्हणजे ब-१२ ची उणीव. या जीवनसत्त्वाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. शंभर वर्षांपूर्वीं पाश्चात्य देशांत एक असा पांडुरोग होता, कीं तो जडलेला माणूस हळूहळू पांढराफटक पडून दोनतीन वर्षांत मरावयाचाच. १९२६ सालीं अमेरिकेंतील मायनो व मर्फी या दोन डॉक्टरांनीं अशा रोग्यांना रोज भरपूर यकृत खावयास घालून ते बरे होतात हें दाखविलें, आणि १९३४ सालीं त्यांस व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. यकृतांत असें कोणतें द्रव्य आहे याचा शोध पुढें बावीस वर्षें चालला. १९४८ सालीं इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत तें द्रव्य लाल स्फटिकांच्या रूपानें वेगळें काढण्यांत आलें, आणि त्याची गुंतागुंतीची रचना १९५६ सालीं डोरोथी हॉजकिन या विदुषीनें उलगडून दाखविली. त्याच्या पोटांत कोबाल्ट या धातूचा एक अणु असतो.

या जीवनसत्त्वाचीं शरीरांतील मुख्य कामें दोन. रक्तांतील तांबड्या पेशी नीट तयार होणें हें एक, आणि मज्जातंतूंवरील आवरण शाबूत राखणें हें दुसरें. विजेच्या तारेवर जसें रबराचें वेष्टण असतें, तसें मज्जातंतूंवर एका स्निग्ध द्रव्याचें वेष्टण असतें. तें झिजलें म्हणजे पायांकडून मेंदूकडे जाणारे आणि मेंदूंतल्या मेंदूंत फिरणारे संदेश मंदावतात. शिवाय ब-१२ कमी पडलें कीं होमोसिस्टीन नांवाचें एक द्रव्य रक्तांत सांचूं लागतें. तें वाढलेल्या माणसांत हृदयाचे व मेंदूचे विकार अधिक आढळतात.

गरज किती? अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅम रोज. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एक ग्रॅम ब-१२ जर कोणी साठवून ठेवूं शकला, तर तें एका माणसाला हजार वर्षें पुरेल! इतकी अल्प गरज असतां उणीव व्हावी कशी, असा प्रश्न कोणासहि पडेल. त्याचें उत्तर असें, कीं हें द्रव्य कोणतीहि वनस्पति तयार करीत नाहीं. तें केवळ सूक्ष्म जंतु तयार करतात, आणि गाईम्हशींच्या पोटांतील जंतूंनीं तयार केलेलें तें दुधामांसांतून माणसाकडे येतें. मांस, मासे, अंडीं व दूध हेच त्याचे नैसर्गिक मार्ग. मोड आलेली मटकी, पालक, मेथी, शेंगदाणे, खजूर हे पदार्थ अन्य दृष्टींनीं कितीहि उत्तम असोत, ब-१२ च्या बाबतींत त्यांचा उपयोग नाहीं. शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक एवढाच काय तो आधार. पेलाभर गाईच्या दुधांत सुमारें एक मायक्रोग्रॅम ब-१२ असतें, आणि दूध फार वेळ उकळलें तर त्यांतलाहि कांहीं भाग नष्ट होतो.

आतां देवळाली प्रवरेंतील एखाद्या माळकरी घराचा आहार पाहावा. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, पिठलें, आमटी, एखादी उसळ, हिरवी मिरचीचा ठेचा. गोठ्यांत गाय असते, पण तिचें दूध सकाळसंध्याकाळ डेअरीवर जातें, कारण घरखर्च त्यावर चालतो. मागें राहतें तें नातवंडांच्या वाट्यास येतें. वडील माणसाच्या पोटांत जें दूध जातें तें चहांत घातलेलें दोन चमचे. दुधाच्या मुलुखांत राहून दूध न मिळणें ही गोष्ट विचित्र वाटली तरी ती नवलाची नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं मात्र हें वाचून खेड्याची कींव करण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्यांतील व आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचें रक्त तपासलें. त्यांत खेड्यांतले होते, झोपडपट्टींतले होते, आणि शहरी मध्यम वर्गांतलेहि होते. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणें एकंदर पुरुषांपैकीं ६७ टक्के लोकांच्या रक्तांत ब-१२ कमी होतें. पण सर्वांत अधिक उणीव कोठें आढळली? ती शहरी मध्यम वर्गांत. तेथें हें प्रमाण ८१ टक्के होतें. म्हणजे ज्या घरीं वर्तमानपत्र येतें, मुलें महाविद्यालयांत जातात, भाजी चिरण्यापूर्वीं दोनदां धुतली जाते, त्याच घरीं हें जीवनसत्त्व सर्वांत कमी! शाकाहारी माणसांत ही उणीव होण्याचा संभव मांसाहारी माणसांच्या मानानें चौपटीहून अधिक दिसला. याच मंडळींनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांची व पुढें त्यांच्या मुलांची पाहणी चालविली. तींत ज्या मातांच्या रक्तांत गरोदरपणीं ब-१२ फार कमी होतें, त्यांचीं मुलें नवव्या वर्षीं एकाग्रतेच्या व तात्पुरत्या स्मरणाच्या कांहीं कसोट्यांत मागें पडलेलीं दिसलीं. मेंदूला या द्रव्याची गरज जन्मापूर्वींपासून असते असाच याचा अर्थ.

मधुमेही माणसाच्या बाबतींत आहाराखेरीज आणखी एक कारण येऊन मिळतें, आणि तें त्याच्या औषधाच्या डबींतच असतें. मेटफॉर्मिन नांवाची गोळी आज मधुमेहावर सर्वांत अधिक दिली जाते. युरोपांत गॅलेगा नांवाची एक वनस्पति मधुमेहाच्या लक्षणांवर जुन्या काळापासून वापरांत होती. तिच्यांतील द्रव्यांच्या अभ्यासांतून या औषधाचा उगम झाला, आणि पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनीं १९५७ सालीं मधुमेही माणसांवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. औषध गुणी आहे, स्वस्त आहे, आणि त्यानें लाखों लोकांचें आयुष्य सुसह्य केलें आहे. परंतु लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत ब-१२ शोषून घेण्याची जी क्रिया चालते, तिला हें औषध अडथळा करतें. ही गोष्ट वैद्यांच्या लक्षांत १९६९ पासून येऊं लागली. पुढें नेदर्लंड्समध्यें इन्सुलिन घेणाऱ्या ३९० मधुमेही माणसांपैकीं कांहींना मेटफॉर्मिन व कांहींना तशीच दिसणारी निरौषधी गोळी सव्वाचार वर्षांहून अधिक काळ देण्यांत आली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत औषध घेणाऱ्यांच्या रक्तांतील ब-१२ दुसऱ्या गटाच्या मानानें १९ टक्क्यांनीं उतरलेलें आढळलें, आणि जसजशीं वर्षें गेलीं तसतशी ही घट वाढत गेली. ब्रिटनच्या औषधनियंत्रण खात्यानें तर २०२२ सालीं असें जाहीर केलें, कीं ब-१२ ची उणीव हा या औषधाचा नेहमीं आढळणारा दुष्परिणाम समजावा, आणि ज्यांना तिचीं लक्षणें दिसतात त्यांचें रक्त तपासावें. यांत आणखी भर पडते ती छातींतील जळजळीवर महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या, जठरांतील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची; कारण अन्नांतील ब-१२ मोकळें करावयास तें आम्लच लागतें, आणि उतारवयांत तें मुळांतच कमी झालेलें असतें.

या सर्वांचा एकत्र परिणाम कसा होतो हें पाहण्यासाठीं एका गृहस्थाची कल्पना करावी. गृहस्थ काल्पनिक आहेत. त्यांचीं लक्षणें मात्र काल्पनिक नाहींत, तीं वैद्यांना रोज दिसतात. वय अडुसष्ट. आयुष्यभर एका सोसायटींत जमाखर्च लिहिलेला. गळ्यांत माळ, म्हणून मांसमासे वर्ज्य. मधुमेह बारा वर्षांचा आणि मेटफॉर्मिनची गोळीहि बारा वर्षांची. प्रथम तळपायांची आग होऊं लागली, मग पायांना मुंग्या येऊं लागल्या. घरच्यांनीं म्हटलें, साखरेमुळें होतें. आणि तें अगदींच चूक नव्हतें, कारण मधुमेहानेंहि अशीच आग होते. पण ब-१२ च्या उणिवेनेंहि तशीच आग होते, आणि दोहोंतला फरक नुसत्या लक्षणांवरून सांगतां येत नाहीं. पुढें अंधारांत चालतांना तोल जाऊं लागला. मग पन्नास वर्षें मुखोद्गत असलेल्या हरिपाठांत मध्येंच अडखळणें आलें. दुकानदाराला एकाच मालाचे पैसे दोनदां दिले गेले. स्वभाव चिडका झाला, बोलणें कमी झालें. अखेर एके दिवशीं मुलगा नम्रपणेंच म्हणाला, "अण्णा, आतां तुम्ही हिशेबांत लक्ष घालूं नका, आम्ही पाहूं." सूनबाईनें कपाटाच्या किल्ल्या आपल्याकडे घेतल्या. कोणीहि अपमान केला नाहीं. पण ज्या माणसानें आयुष्यभर पै-पैचा मेळ घातला, त्याच्या हातून हिशेब गेला, आणि त्याबरोबर घरांतील त्याची जागाहि गेली.

अशा माणसाचें रक्त कोणीं तपासलें तर काय आढळेल? कदाचित् ब-१२ पुरेसें आढळेल, आणि मग दुसरीं कारणें शोधावीं लागतील. पण तें फारच कमी आढळण्याचाहि संभव मोठा आहे. आणि तसें झालें तर उपचार अगदीं साधा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें कांहीं इंजेक्शनें अथवा गोळ्या, आणि पुढें नियमानें थोडी मात्रा. रक्त कांहीं आठवड्यांत सुधारूं लागतें. मज्जातंतूंना अधिक वेळ लागतो. त्यांची सुधारणा महिन्यांच्या हिशेबानें होते. येथेंच एक गोष्ट सर्वांनीं ध्यानांत घ्यावी. उणीव लौकर ध्यानांत आली तर गेलेलें पुष्कळसें परत येतें. परंतु ती वर्षानुवर्षें तशीच राहिली तर मज्जातंतूंचें कांहीं नुकसान कायमचें होतें, आणि मग कितीहि इंजेक्शनें दिलीं तरी तें भरून निघत नाहीं. 'वय झालें' या दोन शब्दांची खरी किंमत ही अशी मोजावी लागते.

कित्येकदां असें होतें, कीं रोग्याचा रंग लाल असतो, रक्ताचें प्रमाण ठीक असतें, आणि म्हणून जीवनसत्त्वाची शंकाच कोणास येत नाहीं. हा समज धोक्याचा आहे. १९८८ सालीं अमेरिकेंत ब-१२ च्या उणिवेमुळें मेंदूचे अगर मज्जातंतूंचे विकार झालेल्या १४१ रोग्यांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतील ४० जणांना पांडुरोग नव्हता आणि त्यांच्या तांबड्या पेशीहि मोठ्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे रक्त चांगलें दिसत असतां मेंदूची हानि चालूं राहूं शकते.

याच संदर्भांत फोलिक ॲसिडविषयीं एक इशारा देणें आवश्यक आहे. त्याच्या शोधाचा संबंध मुंबईशीं आहे. लुसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी १९२८ च्या सुमारास मुंबईस आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या पांडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टपासून केलेल्या एका स्वस्त खाद्यानें त्या स्त्रिया बऱ्या होतात, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य तें फोलिक ॲसिड, हें पुढें कळून आलें. पण १९४० नंतरच्या दशकांत असें आढळलें, कीं ज्याला मुळांत ब-१२ कमी आहे अशा रोग्यास नुसतें फोलिक ॲसिड दिलें तर त्याचें रक्त सुधारतें, आणि मज्जातंतूंचा बिघाड मात्र चालूंच राहतो. घराला आग लागली असतां धूर तेवढा झांकून टाकावा, तसाच हा प्रकार. यास्तव 'रक्तवाढीची गोळी' म्हणून दुकानांतून आणलेलें औषध मधुमेही वृद्धाला परस्पर देणें शहाणपणाचें नाहीं.

येथवर ऐकून कोणास असें वाटेल, कीं मग सर्वच मधुमेही माणसांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या भरपूर द्याव्या म्हणजे त्यांची स्मरणशक्ति तेज राहील. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि जाहिराती तो निष्कर्ष लोकांच्या गळीं उतरविण्यास नेहमींच उत्सुक असतात. शास्त्राचा पुरावा काय सांगतो तें पाहावें. ऑक्सफर्ड येथें किंचित् विसराळूपणा असलेल्या वृद्धांना दोन वर्षें ब वर्गाचीं जीवनसत्त्वें दिलीं, तेव्हां त्यांच्या मेंदूची झीज मंदावली असें २०१० सालीं दिसून आलें. आणि हा फायदा मुख्यतः ज्यांचें होमोसिस्टीन वाढलेलें होतें त्यांनाच झाला. उलट २०१४ सालीं अकरा प्रयोगांतील सुमारें २२,००० माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हां अशा गोळ्यांनीं सरसकट सर्वांच्या बुद्धीवर कांहीं परिणाम झालेला दिसला नाहीं. या दोन गोष्टींत वाटतो तितका विरोध नाहीं. ज्या शेताला पाण्याची ओढ बसली आहे त्याला पाण्याची पाळी दिली तर पीक तरारतें. ज्या शेतांत ओल पुरेशी आहे तेथें आणखी पाणी सोडलें तर जमीन चोपण होते. पाटपाण्याच्या मुलुखांतील माणसाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाहीं.

जादा मात्रेनें नुसता पैसा जातो असेंहि नव्हे. कॅनडांत, मधुमेहानें ज्यांचें मूत्रपिंड बिघडलें होतें अशा २३८ माणसांवर प्रयोग झाला. कांहींना फोलिक ॲसिड, ब-६ आणि ब-१२ यांच्या मोठ्या मात्रा दिल्या. २०१० सालीं निष्कर्ष निघाला तो असा, कीं ज्यांना जीवनसत्त्वें दिलीं त्यांचें मूत्रपिंड इतरांपेक्षां लौकर खालावलें. ब-६ हें जीवनसत्त्व मोठ्या मात्रेंत फार दिवस घेतलें तर तें स्वतःच मज्जातंतूंना इजा करतें. 'ड' जीवनसत्त्वाची तीच कथा. भरपूर ऊन असलेल्या या देशांतहि पुष्कळांच्या रक्तांत तें कमी आढळतें, आणि कमी असल्यास हाडांसाठीं व स्नायूंसाठीं तें भरून काढलेंच पाहिजे. परंतु त्याच्या गोळ्यांनीं मधुमेही माणसाची स्मरणशक्ति सुधारते असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं, आणि अति मात्रेनें रक्तांत चुन्याचें प्रमाण वाढून अपाय होतो. सारांश, उणीव असेल तर ती अवश्य भरावी. उणीव नसेल तर भर घालूं नये. आणि उणीव आहे किंवा नाहीं हें अंदाजानें न ठरवितां तपासून ठरवावें.

मग घरच्या माणसांनीं करावें तरी काय? पहिली गोष्ट, ज्यांना कांहीं वर्षांपासून मेटफॉर्मिन चालूं आहे, विशेषतः जे शाकाहारी आहेत किंवा साठी उलटलेले आहेत, त्यांच्याविषयीं डॉक्टरांना सरळ विचारावें, कीं ब-१२ तपासावयाचें का. साखरेसाठीं रक्त काढतातच. त्याच वेळीं हेंहि होऊं शकतें. सामान्यतः एका मिलिलिटरमध्यें २०० पिकोग्रॅमच्या खालीं आंकडा आला तर उणीव समजतात. त्याच्या थोडें वर असला तर शंका राहते, आणि मग डॉक्टर होमोसिस्टीन वगैरे आणखी तपासण्या सुचवितात. दुसरी गोष्ट, तपासणीपूर्वींच गोळ्या अगर इंजेक्शनें सुरू करूं नयेत. त्यानें आंकडा फुगतो आणि खरें कारण झांकलें जातें. तिसरी गोष्ट, मेटफॉर्मिन आपल्या मनानें कदापि बंद करूं नये. बंद केलेल्या औषधामुळें वाढलेली साखर मेंदूचें जें नुकसान करील, तें टाळतां येण्यासारखें आहे. औषध चालूं ठेवूनहि ब-१२ भरून काढतां येतें. चौथी गोष्ट, माणूस दवाखान्यांत नेतांना त्याचीं सर्व औषधें एका पिशवींत घालून न्यावीं. जळजळीच्या, झोंपेच्या व सर्दीच्या गोळ्याहि त्यांत असाव्या, कारण झोंपेच्या व सर्दीच्या कांहीं गोळ्यांनींहि विसर पडतो.

पांचवी गोष्ट आहाराची. डेअरीवर जाणाऱ्या दुधांतून घरच्या वडील माणसासाठीं दोन पेले दूध किंवा तेवढें दहीताक बाजूला ठेवावें. त्यांतली साखर मात्र वगळावी. ज्यांना अंडें चालतें त्यांनीं तें घ्यावें. पण उणीव एकदां खोलवर गेली म्हणजे केवळ दुधानें ती भरत नाहीं, तेथें औषधच लागतें, हेंहि विसरूं नये. सहावी गोष्ट, विसराळूपणाचीं दुसरीं बरीं होण्यासारखीं कारणेंहि तपासून घ्यावीं. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, वारंवार उतरणारी साखर, वाढलेला रक्तदाब, मनाची उदासी आणि कमी झालेलें ऐकूं येणें, हीं त्यांतलीं मुख्य. ज्याला ऐकूंच येत नाहीं त्याला सांगितलेलें आठवत नाहीं म्हणून दोष देणें अन्यायाचें होय.

आणि शेवटची गोष्ट वागणुकीची. विसरणारें माणूस आपण विसरतों हें जाणून असतें, आणि तें लपविण्याची त्याची धडपड चालूं असते. चारचौघांत त्याच्या चुका मोजल्यानें तें अधिक गोंधळतें. तपासणीचा निकाल येईपर्यंत तरी त्याच्या हातून हिशेबाची वही काढून घेण्याची घाई करूं नये. फार तर शेजारीं बसून बेरीज पडताळून पाहावी. रक्त तपासावयास जो खर्च येतो तो वर्षभराच्या औषधांच्या खर्चापुढें कांहींच नाहीं. तपासणींत उणीव निघाली नाहीं तरी तो खर्च वायां गेला असें मानूं नये, कारण एक कारण वगळलें गेलें व वैद्याचें लक्ष दुसरीकडे गेलें, एवढाहि लाभ लहान नाहीं. आणि उणीव निघालीच, तर त्या दिवसापासून उपचार सुरू होतो. घरांत कोणी मधुमेही वडीलधारें माणूस असेल, तर पुढच्या वेळीं साखर तपासावयास जातांना हा एक प्रश्न कागदावर लिहून बरोबर न्यावा. कारण दवाखान्याच्या गर्दींत प्रश्न विसरण्याची पाळी धडधाकट माणसावरहि येते.